शिकेकाईचा हिशेब

बाबा गेल्यावर वाईजवळच्या आमच्या गावच्या घरातली जुनी ट्रंक उघडली, तेव्हा आम्ही दोघं भावंडं जरा जास्तच उत्साहात होतो. दादा तर खिशात भिंग घेऊन आला होता. गावच्या घरामागची जागा नक्की कुणाची, यावरून चुलत घराण्याशी आमचं तीन पिढ्यांचं गोड भांडण आहे. गोड म्हणजे, लग्नकार्यात एकमेकांना आग्रहाने जिलबी वाढायची आणि हात धुताना जागेचा विषय काढायचा. त्यामुळे ट्रंकेत काहीतरी कागद सापडणार, याची दादाला खात्रीच होती.

सापडलं काय? एक फुटकं चंबू, आजोबांची काळी टोपी, डांबराच्या गोळ्यांचा भुगा, आणि लाल फडक्यात गुंडाळलेली एक लांबट वही. वहीच्या कडा कसरीने खाल्लेल्या. आत पानंच्या पानं भरून बारीक, गोल-गोल, एकमेकांत अडकलेलं लिखाण. घाईघाईने उसवलेल्या स्वेटरची लोकर असते ना, तसं.

"मोडी!" दादा ओरडला. "जागेचाच कागद असणार."

"वहीत जागेचा कागद कशाला असेल?" मी म्हटलं. पण गुप्तधनाच्या वासाने माणसाची तर्कबुद्धी जरा सुट्टीवर जातेच. वाचायचं कुणी, हा प्रश्न आला तेव्हा दादाला अचानक ऑफिस आठवलं आणि वही माझ्या पिशवीत आली. घरातली अशी सगळी कामं शेवटी कुणाच्या पिशवीत येतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नकोच.

तर, पन्नाशी ओलांडल्यावर मी पुण्यात मोडी लिपीच्या वर्गाला जाऊन बसले. संध्याकाळी दोन तास, एकूण चौदा विद्यार्थी. त्यातले नऊजण निवृत्त पुरुष. प्रत्येकाच्या पिशवीत आपापला वाडा, वतन किंवा विहीर. पहिल्या दिवशी ओळख करून देताना एकाने "आमच्या पणजोबांकडे हत्ती होता" असं सांगितलं. मग पुढचे तिघं हत्तीखाली उतरेनात. माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, "आमच्याकडे एक म्हैस होती. तिचे कागद मात्र नाहीत."

सर पुराभिलेखात आयुष्य घालवलेले. बोलणं कमी, मिशीत हसणं जास्त. फळ्याकडे वळून म्हणाले, "बालबोधीत आपण अक्षर लिहितो आणि मग डोक्यावर रेघ देतो. मोडीत उलटं. आधी पानभर आडवी रेघ मारायची. मग त्या रेघेला अक्षरं लटकवायची, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. आणि हात शक्यतो उचलायचा नाही."

सगळ्यांनी वहीत रेघ मारली. माझा हात मात्र तिथेच थांबला.

१९७९ सालचा मे महिना. मी आठ वर्षांची. सुट्टीत गावी गेले की आमचा आवडता खेळ म्हणजे शाळा-शाळा, आणि त्यातली आवडती विद्यार्थिनी म्हणजे आजी. कारण आजी 'अडाणी' होती. पेपर वाचता यायचा नाही, पोथी दुसऱ्याने वाचायची आणि तिने ऐकायची, कुठे सही करायची वेळ आली की अंगठा. बाबा तिला लाडाने 'अंगठाबहाद्दर' म्हणायचे. तर मी तिला पाटीवर 'ग म भ न' शिकवायला बसले होते. आजीने पेन्सिल हातात घेतली, पाटी थोडी तिरकी धरली आणि सगळ्यात आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळसोट रेघ ओढली.

"अगं आजी, रेघ नंतर काढायची असते!" म्हणून मी ओल्या फडक्याने ती पुसून टाकली. तिने पुन्हा रेघच काढली. मी पुन्हा पुसली. तिसऱ्या वेळी ती हसली आणि म्हणाली, "माझं लिहिणं निराळं आहे बाळे. तुझं तू लिही." आम्ही भावंडं पोट धरून हसलो. निराळं लिहिणं म्हणे!

वर्गात त्या दिवशी मी पुढचं काहीच ऐकलं नाही. घरी येऊन वही काढली आणि नुसती बघत बसले. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर एक लांबलचक सरळ रेघ होती.

पण वही कुणी लिहिली ते कळायला ती आधी वाचता यायला हवी होती, आणि मोडी काही आपली गरज बघून सोपी होत नाही. हिचा उगम सांगताना सगळे यादवांचा मंत्री हेमाडपंताचं नाव घेतात. त्याने ती लंकेहून आणली, अशीही एक दंतकथा आहे. (आपल्याकडे अवघड गोष्ट लंकेहूनच येते.) लिहिणाऱ्याला बोरू सतत उचलावा लागू नये म्हणून अक्षरं मोडून, वाकवून, एकमेकांत गुंतवून ती झाली, हे जास्त पटणारं. शिवकाळात, पेशवाईत सगळा कारभार हिच्यात चालला. पुण्याच्या पेशवे दफ्तरात तिचे कागद रुमालांत बांधून ठेवले आहेत. कागदांच्या गाठोड्याला तिथे 'रुमाल' म्हणतात, हे ऐकून मला आमच्या वहीचं लाल फडकं एकदम प्रतिष्ठित वाटायला लागलं. मराठे तंजावरला गेले तेव्हा मोडीही सोबत गेली. तिथल्या सरस्वती महालात अजून तिचे कागद आहेत. आणि गंमत म्हणजे १८१० साली विल्यम केरीने मराठीचा कोश छापला, तो बंगालमधल्या सेरामपूरला आणि चक्क मोडी खिळ्यांत! पण पुढे छापखान्यात बालबोध सोयीची ठरली, आणि १९५० च्या सुमारास मोडी शाळेतूनही गेली.

लिहिणाऱ्याचा वेळ वाचवणाऱ्या या लिपीने वाचणाऱ्याचा मात्र अंत पाहायचा असं ठरवलेलं असावं. इकार-उकाराला साधारण एकेकच खूण, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. शाळेत असताना हे कळलं असतं तर शुद्धलेखनाचे माझे किती मार्क वाचले असते! पण दोन शब्दांमध्ये जागाही नाही, पूर्णविराम नाही. ओळ संपली की शब्द जिथे असेल तिथे तुटणार. उत्तरेकडच्या व्यापारी लिपीबद्दल एक जुना विनोद आहे ना, 'काकाजी अजमेर गये' हे 'काकाजी आज मर गये' असं वाचलं गेलं आणि घरात रडारड झाली, तो विनोद नसावा असं माझं आता ठाम मत आहे.

कारण माझंही तेच झालं. तिसऱ्या आठवड्यात मी वहीचं पहिलं पान सोडवत होते. ओळीच्या शेवटी, कसरीने खाल्लेल्या कडेपाशी, एकेक अक्षर जुळवलं. तु… र… ड. 'तु रड'. माझ्या अंगावर काटा आला. कुणी कुणाला लिहिलं असेल हे? कुठल्या दुःखात? डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी वर्गात सरांपुढे वही ठेवली आणि घोगऱ्या आवाजात वाचून दाखवलं. सरांनी भिंग लावलं, पुढची ओळ पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "बाई, कडेला काना खाल्लाय कसरीने. पुढच्या ओळीत 'ळ' आहे. तुरडाळ."

वर्ग हसला. हत्तीवाले सर्वांत जास्त हसले.

याच वर्गात एकदा 'ध चा मा' निघाला. मोडी म्हटलं की हा निघतोच. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांनी 'नारायणरावास धरावे' असा हुकूम लिहिला होता आणि आनंदीबाईंनी 'ध' चा 'मा' करून 'मारावे' केलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी चौथीत ऐकली. ती पुराव्याने सिद्ध झालेली नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी ठरवलं ते राघोबादादांना. पण अडीचशे वर्षं म्हणीत राहिल्या त्या आनंदीबाई. बाईला लिहिता येत असलं की ती काहीतरी खोडसाळच लिहिणार, असा त्यात एक सूर आहे की नाही, सांगा बरं? मी तसं म्हणाले तेव्हा वर्गात जरा शांतता झाली. मग सर म्हणाले, "तुमच्या अक्षरात तर ध चा काहीही होऊ शकतो." तेही खरंच होतं.

तर आमची वही. चार महिन्यांनी मला ती अडखळत का होईना, वाचता यायला लागली. जागेचा कागद नव्हताच. शके १८६९ पासूनचा, म्हणजे १९४७ पासूनचा चार वर्षांचा घरखर्च होता. तिथीवार. तेल, मीठ, दळण, म्हशीची पेंड, जावळाचा खर्च, आहेर. रकमेपुढे उभ्या रेघा. एक म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. पावकी-निमकी पाठ असलेल्या पिढीचा हिशेब तो, माझ्यासारखीला बोटं मोजायला लागली. मधेच 'धाकटीकडे उसने दिले, वाट्या ४, परत ३'. ही चौथी वाटी कुठे गेली त्याचा निकाल वहीत कुठेच नाही. आणि काही पानांच्या तळाशी वेगळ्या, ठसठशीत अक्षरात एक शब्द: 'पाहिले'.

'पाहिले' आजोबांचं होतं. आजोबा पेढीवर दिवाणजी. शनिवारी संध्याकाळी पाटावर बसून घरचा हिशेब तपासायचे, हे बाबा सांगायचे. मग बाकीचं अक्षर कुणाचं? पहिल्या पानावर देवाच्या नावाखाली ते लिहिलेलं होतंच, मीच इतके दिवस सोडवलं नव्हतं. 'हे वहीस लिहिणार राधा'. राधा म्हणजे माझी आजी. अंगठाबहाद्दर.

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "जागेचं काही आहे का?" म्हटलं, "नाही रे. शिकेकाई आहे."

कारण शिकेकाईने मला एव्हाना हैराण केलं होतं. दर महिन्याच्या सुरुवातीला सहा गोष्टी ठरलेल्या: शिकेकाई पाऊण रुपया, हिंग अर्धा, बाळंतशोपा अर्धा, सुईदोरा, गेरू आणि रांगोळी पाव पाव. बेरीज अडीच रुपये. दर महिन्याला, अगदी काटेकोर. १९४८ साली पाऊण रुपयाची शिकेकाई? आमच्या आजीचा अंबाडा सुपारीएवढा होता. आणि बाळंतशोपा कुणासाठी? सर्वांत धाकटे बाबा, ते १९४४ चे. नंतर घरात पाळणा हललाच नव्हता. वर आणखी एक कोडं. उन्हाळ्याचे दोन महिने हे सहाही जिन्नस गायब. ऐन घामाच्या दिवसांत या बाईने केस धुणं सोडलं होतं की काय?

उत्तर देऊ शकेल असं एकच माणूस उरलं होतं. आक्काआत्या. बाबांची मोठी बहीण, वय वर्षं नव्वद, कोल्हापूरला. डोळ्यांनी आता फारसं दिसत नाही, पण कान आणि जीभ शाबूत. वही घेऊन गेले. तिच्या पलंगाशेजारी बसून वाचायला लागले. तिला स्वतःला मोडी येत होती, शाळेत शिकलेली. त्यामुळे दिसत नसलं तरी मी अडखळले की ती अंदाजाने शब्द पुरवायची. "पेंड असेल बघ. पुढे सरकी."

शिकेकाईपाशी आले आणि विचारलं, "आत्या, एवढी शिकेकाई लागायची कुणाला?"

आत्या आधी काहीच बोलली नाही. मग तिला जे हसू फुटलं, की सूनबाई स्वयंपाकघरातून पाणी घेऊन धावत आली.

"अगं, ती माझी फी!"

आत्या मराठी सातवी झाली १९४७ मध्ये. आजोबा म्हणाले, मुलीला एवढं पुष्कळ झालं. आजीने वाद घातला नाही. तिने फक्त सांगितलं की वाईच्या शाळेत आक्काला नादारी मिळते आहे, फी पडणार नाही. फुकट म्हटल्यावर आजोबा गप्प बसले. उलट चारचौघांत सांगायचे, "आमच्या मुलीला नादारी आहे, हुशार आहे." प्रत्यक्षात नादारी अर्धीच होती. राहिलेले अडीच रुपये आजी घरखर्चातून काढायची आणि असे जिन्नस लिहायची, ज्यांबद्दल पुरुषमाणूस जन्मात प्रश्न विचारत नाही. तुरीत चार आणे जास्त दिसले असते तर आजोबांनी दुकानदाराला जाब विचारला असता. बाळंतशोपांबद्दल कोण विचारणार?

"पहिली तारीख आली की आई म्हणायची, आक्का, आज शिकेकाई आणायचीय बरं. की मी पदराच्या गाठीतले पैसे घेऊन शाळेत. आणि सुट्टीत फी नसायची. म्हणून उन्हाळ्यात शिकेकाई नाही!"

चार वर्षं, दहा-दहा महिने, अडीच-अडीच रुपये. मी तिथेच बेरीज केली. बरोबर शंभर रुपये. दर शनिवारी हिशेब तपासणाऱ्या दिवाणजींच्या नाकाखालून. आत्या जुनी अकरावी झाली, ट्रेनिंग केलं आणि पुढे तेहतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होती.

आजी लिहायला कुठे शिकली, तेही आत्यालाच ठाऊक होतं. आजीचे वडील त्यांच्या गावचे कुलकर्णी. ते दप्तर लिहायला बसले की ओल्या शाईवर वाळू टाकायचं काम या मुलीचं. वाळू टाकता टाकता अक्षरं कळायला लागली. शाळेत नाव कधी घातलंच नाही, त्यामुळे बालबोध राहून गेली. रमाबाई रानड्यांना १८७३ साली लग्न होऊन आल्याबरोबर न्यायमूर्तींनी स्वतः अक्षरओळख करून द्यायला सुरुवात केली आणि घरातल्या बायकांनी त्यावरून त्यांना किती छळलं, ते आपण वाचलेलं असतं. आजीला छळायला कुणी नव्हतं, कारण ती शिकते आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"मग आम्हाला कधी सांगितलं नाहीस, आजीला लिहिता येतं म्हणून?" मी विचारलं.

"तुम्ही विचारलंत कधी?" आत्या म्हणाली.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी आत्याला सांगितली नाही. बाबा एक किस्सा नेहमी रंगवून सांगायचे. १९५८ मध्ये आजोबा गेले. बाबा चौदा वर्षांचे. कसल्याशा कागदांसाठी आजीबरोबर एका कचेरीत गेले होते. कारकुनाने सही करायला सांगितलं, तर आजीने कागदावर आधी आडवी रेघ मारली आणि खाली काहीतरी 'गिरगोट्या' काढल्या. कारकून म्हणाला, बाई, हे चालत नाही, अंगठा द्या. "आणि आमच्या मातोश्रींनी दिला अंगठा!" असा शेवट करून बाबा हसायचे, आणि आम्हीही हसायचो. बाबा १९५० मध्ये शाळेत गेले. त्यांना मोडी कुणी दाखवलीच नव्हती. त्यांच्यासाठी त्या खरंच गिरगोट्याच होत्या. आता बाबा नाहीत. किस्सा तोच आहे, फक्त मला तो आता कुणाला हसत सांगता येत नाही.

तुमच्या माळ्यावर असे कागद असतील, तर मी केलेल्या चुका सांगून ठेवते. फाटलेल्या पानाला मी हौसेने चिकटपट्टी लावली. सरांनी कपाळाला हात लावला, कारण ती काही वर्षांत पिवळी पडते आणि कागद घेऊन निघते. लॅमिनेशन तर मुळीच नको. ओल्या फडक्याने पुसणं नको. सावलीत, खिडकीच्या उजेडात प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढावा आणि वाचायचा सराव फोटोवरच करावा. मूळ कागद सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवावा, सोबत वेखंडाचा तुकडा. मोडीचे वर्ग पुराभिलेख खात्यातर्फे होतात, काही संस्थाही घेतात. आणि २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्येही जागा मिळाली आहे, म्हणजे आता ती संगणकावरही लिहिता येते. दादाने हे ऐकून मला मोबाइलवर मोडीत 'सुप्रभात' पाठवायची धमकी दिली आहे. पण फार वाट पाहू नका, हे मात्र मनापासून सांगते. मला विचारायला एक आत्या तरी उरली होती.

कोल्हापूरहून निघायच्या दिवशी आत्या म्हणाली, "आईची सही आहे का गं वहीत? बघायची होती."

वहीतली अक्षरं तिला दिसणं शक्य नव्हतं. मग नातवाच्या दप्तरातून जाड काळं स्केचपेन आणलं. भिंतीवरच्या कॅलेंडरचं मोठं पान उलटं करून तिच्यासमोर पसरलं. आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली आणि तिच्याखाली, हात न उचलता, आजीचं नाव लिहिलं.

आत्या पुढे वाकली. कागदाला जवळजवळ नाक लावून, रेघेवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेली.

"अक्षर बरं आहे," तेहतीस वर्षं शाळा चालवलेल्या आवाजात ती म्हणाली. "रेघ वाकडी आलीय. पुन्हा काढ."